पेडलची जबानी

मारेगाव फाट्यावर, दुपारी दोनला,
गुरांचे डॉक्टर नगराळे गाडी घेऊन आले,
म्हणजे गाडीच त्यांना घेऊन आली, वीसच्या स्पीडनं,
मागे ट्रॅक्टरवाला हॉर्न मारून थकलेला.

"टेकाम, पेडल पुरं दाबलं तरी आयकत नाही.
यवतमाळले थ्रॉटल बदलला, साडेअठरा हजार गेले,
चौथ्या दिवशी पुन्हा तेच."

स्कॅनर लावला. सात हप्ते बाकी आहेत अजून त्याचे.
पी एकवीस अडतीस.
डॉक्टरांनी चष्मा कपाळावर नेला. "म्हनजे कोनता रोग?"
रोग नाही, म्हटलं. ताप आहे, एवढंच सांगतो हा.
कशाचा, ते नाही.

पूर्वी केबल असायची, पायापासून इंजिनापर्यंत,
तुटली की दिसायची, गंजली की करकरायची.
आता पेडलपाशी दोन साक्षीदार बसवलेत.
पाय किती दाबला, ते दोघं वेगवेगळं सांगतात,
एक जेवढं बोलतो, दुसरा बरोब्बर त्याच्या निम्मं.
दीडला पाऊण. तीनला दीड.
हिशेब जुळला तर कॉम्प्युटर झडप उघडतो.
नाही जुळला, तर कुणाचंच खरं धरत नाही,
दिवा लावतो, आणि गाडीला म्हणतो
हळूहळू घरी जा.

"असा एक आमच्या पंचायत समितीत पायजे होता."

चावी चालू, इंजिन बंद.
डॉक्टर मुंगीच्या चालीनं पेडल दाबतात,
मी मीटर वाचतो. दीड, पाऊण. दोन, एक.
तीन, दीड. चार, दोन.
दहा वेळा. दोघंही खरे.
चोर पकडायला गाव जमावं
आणि चोरानं माळ जपत बसावं, तसं.

निंबाखाली चहा.
विचारलं, नेमकी कुठं बसते गाडी?
"नाल्याच्या पुलाआधी गतिरोधक हाये न,
त्याच्या पल्याड. दर वेळी तिथीच.
तिकडं कोनं इचारलंच नाही."
मग कपातच बघत:
"गाय काई सांगत नाही. मी बोटं दाबत जातो,
एक एक बरगडी.
दुखऱ्या जागी कातडं थरथरते."

मी परत डॅशबोर्डखाली शिरलो.
वायरींची जुडी हलवत, पिळत, वीतभर पुढे,
तीन, दीड.
वीतभर पुढे. तीन, दीड.
इंजिनाच्या पत्र्यातल्या रबरापाशी
तीन, शून्य पूर्णांक चार.
हात सोडला. तीन, दीड.

टेप उसवली. निळी वायर,
तांब्याच्या सात केसांपैकी दोन शिल्लक, हिरवे पडलेले,
बाजूला बारीक दातांच्या खुणा
आणि कापसाचा एक मऊ पुंजका.
आमच्याकडचा उंदीरही गादीवर निजतो.

डाख दिला, नळी चढवली.
आणि पैशाचं बोलण्याआधी
तीनदा त्या गतिरोधकावरून नेऊन आणलं.

जुना थ्रॉटल डिक्कीत होता, पेपरात गुंडाळलेला.
बोटानं झडप ढकलली. मोकळी, स्वच्छ,
सोडली की आपोआप जागेवर.
"याचं काय करू आता?"
ठेवा, म्हटलं. त्यानं काहीच केलं नव्हतं.

तेवढ्यात फोन. कुंभ्याला म्हैस अडली होती.
गेले, साठच्या वर असतील,
पण गतिरोधक ओलांडल्यावरही
ब्रेकचा लाल दिवा थोडा वेळ
लागूनच राहिला.