मागचं वजन

माइमू आत्या म्हणते, ट्रॅक्टरला नाव द्यायचं नसतं.
नाव दिलं की दुरुस्तीच्या वेळी हात कचरतो.
तिचा बेलारूस त्र्याहत्तर सालचा, निळा होता म्हणे;
आता ग्रीस साचलंय तेवढ्याच जागी निळा.
सामुदायिक शेत मोडलं तेव्हा वाटणीत
कुणाला गाय आली, कुणाला कोठाराचं अर्धं छप्पर.
हिला हा आला, बॅटरीशिवाय.

सारेमा बेटावर जमीन दर वसंतात दगड विते.
बर्फ सरला की नांगराच्या वाटेत नवे, ओले,
रांजणाएवढे. आजवर पहारीने काढले.
यंदा आत्याने स्वीडनहून जुना लोडर आणवला,
दुसऱ्याच जातीच्या ट्रॅक्टरचा.
म्हणजे सोयरीक जुळवण्यापासून सुरुवात.

भंगारातल्या बोटीचा जाड पत्रा कापून
दोन्ही अंगांना आधार केले.
वेल्डिंग करताना ती श्वास रोखून धरते;
मी बाजूला बादलीभर पाणी घेऊन उभा,
पेटलंच गवत तर.
चार भोकं जुळली. पाचवं जुळेना.
पाचव्यावर तिने अर्धा दिवस कानस चालवली
आणि एकदाही शिवी दिली नाही,
याचीच मला भीती वाटली.

मग तेलाची नळी. कुठेतरी सुईच्या अग्राएवढी गळती,
थेंब दिसत नाही, नुसती हवा चकाकते.
मी बोट पुढे केलं तसा मनगटावर फटका बसला.
"ते तेल कातडीत घुसतं. मग बोट कापतात.
एवाल्डचं कापलं."
बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा
तिने नळीजवळून हळूहळू सरकवत नेला.
पुठ्ठ्यावर काळी रेघ उमटली.
"बंद कर इंजिन. इथे."

पहिला दगड उचलला तेव्हा
पुढची चाकं मातीत रुतली, मागचं उजवं अधांतरी,
आणि वर आत्या, एकाहत्तर वर्षांची,
एका अंगाला कललेली, गाडी चुकल्यासारखा चेहरा.
दगड इंच इंच खाली टेकवला. उतरली. थुंकली.
"पुढे हात दिले याला. मागे काहीच नाही दिलं."

मागे द्यायला लोखंडी पिंप, त्यात काँक्रीट.
काँक्रीट महाग, म्हणून घरातलं जड ते सगळं आत:
झिजलेले गिअर, तुटका फाळ, ऐरणीचं शिंग,
दोरी ओढून चालू करायचं ते छोटं पेट्रोल इंजिन,
ज्याने तिचा खांदा एकदा निखळवला होता.
शेवटी एप्रनच्या खिशातून एक पदक:
जिल्ह्यातली उत्तम ट्रॅक्टरचालक, साल पुसट.
मी म्हटलं, याचं वजन ते किती?
"चाळीस ग्रॅम असेल," ती म्हणाली,
आणि फावड्याने वरून काँक्रीट लोटलं.

महिनाभर पिंप वाळू दिलं.
समुद्रावरून शेवाळ्याचा वास येत होता,
तेही उचलून शेतात टाकायचंय, दगडांनंतर.

आज दगड उचलला. मागची चाकं जमिनीवर.
स्टिअरिंग अजून रेड्यासारखं अडतं,
पुढच्या धुऱ्याचं बुश बदलायला झालंय,
नळीखाली खबरदारी म्हणून रिकामा डबा टांगलाय.
मी टाळी वाजवली. शेतात एकट्याची टाळी
फार विचित्र ऐकू येते.

आत्याने इंजिन बंद केलं नाही. वरूनच ओरडली:
"दहा तास चालू दे. मग सगळे बोल्ट
पुन्हा आवळायचे. सगळे.
पाचवा आधी."