रहिवासाचा दाखला

अक्कलकोट रोड एमआयडीसी, दुपारचे अडीच.
बाहेर बेचाळीस. आत पंखा
फाइलींची पानं मोजतो आणि आकडा विसरतो.
मेरगू टॉवेल्सचा लाभांश मॉरिशसला जायचाय,
खाली सही माझी लागते.

राजमल्लूशेठ बशीत चहा ओतून फुंकर घालतात.
"वीस टक्के कापू, का पाच?"

मी सांगतो: दोन देशांत करार आहे,
एकाच घासावर दोघांनी हात मारू नये म्हणून.
कलम दहा. भांडवलात निदान दहावा हिस्सा हवा,
पैसा ज्याच्या नावानं जातो त्याचाच असायला हवा,
आणि तिकडच्या सरकारनं लिहून द्यायला हवं
की ही कंपनी आमच्याकडं राहते. मग पाच.

"राहते म्हणजे? झोपते कुठं?"

दाखल्यावर पत्ता आहे. पोर्ट लुई, तिसरा मजला.
मी शोधून पाहिलंय, त्याच खोलीत
दोनशे अकरा कंपन्या राहतात.
पाण्याच्या पाळीवरून एकदाही भांडण नाही.

शेठ हसले नाहीत. त्यांच्याकडं नळ पाचव्या दिवशी.

टॉवेलला दोन ताणे लागतात, वडील सांगायचे,
बत्तीस वर्षं जॉबर होते.
एक ताठ, एक सैल.
कापड ताठ ताण्यावर उभं राहतं,
पाणी मात्र सैल ताण्याचे फासेच पितात.
करार वाचताना मी हल्ली
सैल दोरा कुठला, तेवढाच शोधतो.

आजोबा करीमनगरकडून आले, मागावर बसले.
त्यांना दाखला कुणी मागितला नाही
आणि दिलाही नाही.
घरात तेलुगू, बाजारात मराठी, शेजारी कानडी;
शिवी तिन्हीकडं तीच चालायची.

साडेतीनला मी फोन लावला.
दाखल्याच्या अर्जावर सही होती: सांतू भिवाजी, संचालक.
इंग्रजीत सुरुवात केली,
दोन वाक्यांत तोच घसरला:
"मराठी काय तुमी? आमीबी.
पणजा रत्नागिरीसून आयला, जहाजान. ऊस तोडाया."
मग गर्मी किती, समुद्र किती लांब,
पोरं किती. मी सगळं सांगितलं.
मग फॉर्ममधला प्रश्न विचारला:
या पैशाचा खरा मालक कोण?

तिकडंही पंखा असावा, आवाज येत होता.

"मी सही करतंय. पगार घेतंय.
मालक लंडनात आसंल, नायतर मुंबयत.
माका कोन सांगतंय?"

फोन ठेवला. शेठनी बशी खाली ठेवली.
"पाच लिही की. त्यांचा पैसा, त्यांचा कर.
आपलं काय जातंय?"
आपले बेल्जियमचे नवे माग जातात, तेही त्यांना ठाऊक,
म्हणून आवाज जरा वर.

मी वीस लिहिलं.
खाली टीप टाकली: मालकी सिद्ध झाल्यास
परतावा मागता येईल.
टीप लिहिताना हात थरथरला वगैरे काही नाही,
घामानं की-बोर्डची कळ तेवढी चिकटली
आणि वीसचे दोनशे झाले. खोडून पुन्हा वीस.

फोनवर शेवटी तो म्हणाला होता,
"आयेकडं एक चादर व्हती, सोलापूरची.
फाटली. आता मिळताय काय?"

शनिवारी घेतली, जोडअंगी.
एका अंगाला लाल जमिनीवर पांढरा मोर,
उलटली की पांढऱ्या जमिनीवर लाल.
दुकानदारानं जीएसटीचं बिल दिलं.
पोस्टात कारकुनानं वजन केलं,
चष्म्यावरून पाहिलं.
"भेट का विक्री?"
"भेट."
"तरी तिकडं ड्युटी लागंल बघा."
"लागू द्या."
"घेणाऱ्याचं नाव?"
मी नाव सांगितलं. त्यानं पुन्हा विचारलं,
"पत्ता घरचा का ऑफिसचा?"

घरचा मी विचारलाच नव्हता.