वाळत घातलेल्या होड्या

अब्बा वोल्दे-रुफाएल गेले त्या आठवड्यात
सतरा घरांनी मला न विचारताच ठरवलं
की यापुढे आमच्या आत्म्याचा बाप तू.
एकानं अर्धं पोतं तेफ आणून टाकलं,
एकीनं मधाचं मडकं,
आणि सगळ्यांनी मिळून एक शांतता आणली
जिच्यात मी काहीतरी बोलावं अशी अपेक्षा होती.

मी बोललो. फार बोललो.
पाठ केलेली स्तोत्रं गळक्या पखालीसारखी वाहिली.
रात्री बायको म्हणाली,
तुमचं ऐकता ऐकता पोरं झोपली, बरं झालं,
धाकटा दोन दिवस दातदुखीनं जागाच होता.

अब्बांकडे मी वीस वर्षं कबुली दिली:
उपासात चाटलेलं लोणी, शेजाऱ्याच्या बैलाचा हेवा,
मोजकी, धुऊन आणलेली पापं.
काठीवर हनुवटी टेकून ते ऐकायचे
आणि शेवटी विचारायचे, "अजून?"
मी म्हणायचो, नाही.
ते म्हणायचे, बरं.
वीस वर्षं मी खोटं बोललो
आणि वीस वर्षं त्यांनी ते दार लोटून घेतलं नाही.

मग पिवळी फुलं आली त्या महिन्यात मुचे आला.

ताना सरोवरावरच्या माणसाला सांगावं लागत नाही:
लव्हाळ्याची होडी पाणी पिते.
दिवसभर सरपण वाहून आली की दुप्पट जड.
संध्याकाळी तिला ओढून काठावर उभी करायची,
रात्रभर निथळू द्यायची,
नाही तर चौथ्या-पाचव्या दिवशी
ती माणसाला हळूच खाली ठेवते, आवाज न करता.

मुचे म्हणाला, बितेवला वाऱ्यानं नाही नेलं.
अकरा वर्षं मी वारा सांगतोय.
त्या आठवड्यात होडी उभी करायची पाळी माझी होती.
चारही संध्याकाळी मी पीत बसलो होतो.

पोथीत हिशेब आहे: इतके दंडवत, इतके उपास.
माझी जीभ त्या आकड्यांपर्यंत गेली
आणि परत आली.
मी विचारलं, "अजून?"
बराच वेळ फक्त पाणी वाजत होतं.
"भाऊ गेला कळलं तेव्हा," तो म्हणाला,
"आधी मला हायसं वाटलं."

मी सांगितलं, वर्षभर
काठावरच्या सगळ्या होड्या संध्याकाळी तू उभ्या करायच्या.
आणि तोंडातून निसटलंच: मीही येतो.

लोक हसले. माझी पाठ
पहिल्याच आठवड्यात देवाशी भांडली.
त्यात काय कळलं विचाराल तर फार नाही.
माणूसही पाणी पितो, एवढंच.
बाजारातली हुज्जत, पोराला मारलेली थप्पड,
थेंब थेंब आत मुरतं, वरून काही दिसत नाही.
तरंगतच असतो आपण, रोज जरा खाली.
संध्याकाळी स्वतःला ओढून काठावर उभं करावं,
प्रार्थना बहुतेक याहून मोठी नसावी,
असं मला गुडघाभर चिखलात सुचलं
आणि हे प्रवचनात सांगायचं नाही, असंही.

चौथ्या महिन्यात मुचे यायचा थांबला.
बाहिर दारला गेला म्हणे, बांधकामावर.
मी दोन दिवस त्याला शिव्या घातल्या,
तिसऱ्या दिवशी एकट्यानं नऊ होड्या ओढल्या.

काल अंधार पडताना दुसरं टोक अचानक हलकं झालं.
तिरुंगो. बितेवची बायको.
नेतेला कमरेला खोचून उभी.
का ओढता, तिनं विचारलं नाही,
आणि मला सांगता आलं नसतं;
कानात आलेलं कानातच पुरायचं असतं.
"फार पाणी प्यायलीय," ती म्हणाली.
मी म्हटलं, हो.

मग, अब्बांच्या नाही,
माझ्याच फाटक्या आवाजात मी विचारलं,
"अजून?"

ती म्हणाली, "त्या खडकापाशी दोन आहेत."