शीग

अपुसेनीच्या आमच्या चढणीवर मका धरत नाही.
कणीस दुधात येतं, तोच वरून हिव उतरतं.
बटाटे होतात, थोडी राय होते, आणि उतारभर गवत,
जे बाबा भल्या पहाटे, दव आहे तोवर कापायचे.
बाकी सगळं जंगल.
हे डोंगरवाले जंगल खातात, असं खालचे लोक म्हणतात.
खोटं नाही. फक्त आधी त्याची पिंपं करतो.

स्प्रूस तोडायचा तो उतरत्या चंद्राला, कडाक्याच्या थंडीत,
रस मुळांशी निजलेला असताना.
फळ्या दोन वर्षं छपराखाली. मग रंधा,
मग हेझलच्या ओल्या फोकांची वळी.
खिळा नाही, डिंक नाही.
फळीनं फळीला धरून राहायचं.

मग गाडी जोडून, मुर्गु घोड्याच्या मर्जीनं
नऊ दिवस खाली, मुरेशच्या सपाटीपर्यंत.
तिथला भाव सरळ: ज्याला पिंप हवं
त्यानं ते दोनदा मक्यानं भरायचं.
मका आमचा, पिंप त्याचं.

मला ताप आला त्या वर्षी
(मी चार वर्षांची; आठवतो तो फक्त
वाशावरचा काजळीचा डाग)
कणगी वसंतातच तळाला लागली.
बाबांनी मे महिन्यात झाड पाडलं.
कुऱ्हाड बसली की पाणी उडायचं.
फळ्या चुलीवर वाळवून एकच पिंप केलं
आणि सावेता नावाच्या विधवेला दिलं.
तिनं मका भरला. दोनदा. वर शीगसुद्धा.
मका गळत नाही.
गळतं ते पाणी.

तो हिवाळा बाबांनी त्या पिंपाखाली काढला.
रात्री उठून बसायचे. आई विचारायची, काय झालं?
'टिपटिप ऐकू येतेय.'
बाहेर ओढासुद्धा गोठलेला.

शरदात वाट वाकडी करून
हातचं सगळ्यात चांगलं पिंप घेऊन तिच्या दारात गेले.
'हे घे, ते परत दे. मका नको.'
सावेतानं बोटाच्या पेरानं ते वाजवलं,
आत तोंड घालून हुंगलं,
विहिरीवर नेऊन काठोकाठ भरलं
आणि खालच्या कोरड्या मातीकडे बघत
दुपार कलेपर्यंत उकिडवी बसून राहिली.
मग म्हणाली, 'हे ठेवते.
तेही देणार नाही. त्यात अक्रोड आहेत.'
आणि दार लावलं.

बाबा ही गोष्ट मरेपर्यंत सांगायचे,
'अक्रोड आहेत' म्हणताना तिच्यासारखं नाक वर करून.

आता रंधा माझ्या हातात आहे.
गिऱ्हाईक शहरातून मोटारीनं येतं,
पिंप घेतं, आणि घरी नेऊन
तळाला स्वतःच भोक पाडतं,
फुलझाडं लावायला.

मी तरी झाड थंडीतच तोडते.
चंद्र बघून.