यादीत नसलेलं झाड

पाहुण्यांना मी आधी शनिवारवाडा दाखवते.
दरवाज्यावरचे खिळे, हत्तींसाठी.
मग आत, जोत्यांच्या रांगांपुढे उभी राहून
हात वर करते : इथे मजले होते,
इथे कारंजं, इथे आग.
पाहुणे माना वर करून निळं आभाळ बघतात.
बावीस वर्षं झाली. माझा अर्धा धंदा
नसलेल्या गोष्टी दाखवण्याचा.

श्री. चिवांगा मात्र खाली, दगडाचे सांधे बघत होते.
डोडोमाचे, टांझानियाच्या मधल्या कोरड्या मुलखातले,
रेल्वेतून निवृत्त. तपकिरी सूट,
फेब्रुवारीच्या उन्हात एकही बटण न सोडलेला.
काल लेकीचा पदवीदान समारंभ झाला.
नेएमा, फार्मसीची. चार वर्षं पुण्यात,
रिक्षावाल्याशी माझ्यापेक्षा चांगलं भांडते.

पाताळेश्वरात त्यांनी खांबावर तळवा टेकला.
अख्खं लेणं एकाच कातळात, मी म्हटलं,
कोरत गेले, आणि मध्येच कधीतरी थांबले.
"पगार थकला असेल," ते म्हणाले.
(हे वाक्य हल्ली मी माझं म्हणून वापरते.)

केळकर संग्रहालयात
दिव्यांपुढून, वाद्यांपुढून, अडकित्त्यांपुढून
ते देवळातल्यासारखे हात बांधून चालत गेले,
आणि थांबले ते वज्र्यांपाशी.
टाच घासायची वज्री, वर पितळेचा मोर,
एवढा थाट
एका भेगाळलेल्या टाचेसाठी!
तेव्हा पहिल्यांदा हसले.
मी घड्याळ पाहिलं. अजून मस्तानी राहिली होती,
तुळशीबाग राहिली होती, एम्प्रेस गार्डन पाचला बंद होईल की काय.

कॅम्पात सिग्नल सुटला आणि त्यांनी
पुढच्या सीटवर थाप मारली. थांबवा.
एका शाळेचं आवार. गंजलेलं फाटक. आत
गोरखचिंच,
एकही पान नाही,
राखाडी, हत्तीच्या गुडघ्यासारखी सुरकुतलेली,
लांब देठांना टांगलेली मखमली फळं.
मी या रस्त्यानं रोज जाते.
माझ्या यादीत हे झाड नाही. पाटीसुद्धा नाही त्याला.

त्यांनी कोटाचं बटण सोडलं.
बुंध्यावर थपथप केली, जशी बैलाच्या वशिंडावर करतात,
आणि म्हणाले, "म्बुयु."
मग मला नाही, कुणालाच नाही, पुन्हा एकदा, "म्बुयु."
दुष्काळाच्या वर्षी यांच्या आईनं
याचीच पानं सुकवून कुटून ठेवली होती.
याच्या ढोलीत यांच्या भावाची शाळेची पाटी हरवली होती.
म्हणजे याच्या नाही. त्या तिथल्या.
पण ते "याच्या"च म्हणत होते.

पहारेकरी लिंबाजी खुर्चीवरून उठून आला,
थेट नेएमाकडे. "काय ताई,
लई दिवसांनी? पहिल्या साली दर रविवारी
बसायचा हितं. डोळे पुसत."
नेएमानं माझ्याकडे पाहिलं.
"मावशी, बाबांना नका सांगू.
मी त्यांना फोनवर म्हणायचे,
इथे सगळं नवीन आहे, मजा आहे."

"काय म्हणतो तो?" श्री. चिवांगांनी विचारलं.

"म्हणतो, झाड फार जुनं आहे,"
मी म्हटलं. आवाज तोच,
जोत्यांपुढचा.
बावीस वर्षांत पहिल्यांदा
असलेली गोष्ट मी कुणाला दाखवली नाही.

लिंबाजीनं काठीनं एक फळ पाडलं, दगडावर फोडलं.
आत पांढरे कोरडे खडे, खडूच्या ढेपळासारखे.
त्यांनी आधी लेकीला दिला, मग लिंबाजीला, मग मला.
नेएमानं तोंड वाकडं केलं,
पहिल्यांदाच चाखत असल्यासारखं. छान जमलं तिला.

एम्प्रेस गार्डन राहिलं. अर्धा तास जादा झाला.
त्याचे पैसे मी घेतले नाहीत असं लिहायला बरं वाटलं असतं.
घेतले. त्यांनी मोजून दिले, वर पावती मागितली.

रात्री भांडी घासताना
दाढेत अडकलेला एक धागा सुटला,
आणि तोंड पुन्हा आंबट झालं.