दिवसाला दीड पोतं

मुहर्रकच्या बाजारात, सोनारांच्या गल्लीमागे
आठ बाय सहाचं ज्यूसचं दुकान.
मालक रस विकतो.
उरलेलं माझं.

उरतं काय, तर दिवसाला दीड पोतं साल.
इजिप्तची संत्री, हिवाळ्यात पाकिस्तानी किन्नू,
लिंबं कुठली कुठली.
पिळून वाट्या झालेल्या, एकात एक रचल्या
तर माझ्या छातीपर्यंत येतील.
पहिला महिना टाकून दिल्या.
मग एका रात्री आमच्या मोरीचा वास घेऊन झोपलो
आणि सकाळी पोतं खांद्यावर टाकलं.

खोलीत सात खाटा, एक मोरी, एक किटली.
किटलीच्या बुडाशी इथल्या पाण्याचा चुना,
भाकरीच्या पापुद्र्याएवढा जाड.
लिंबाच्या साली घालून दोनदा उकळी काढली,
तिसऱ्यांदा पापुद्रा आपोआप सुटला.
रेवण म्हणाला, गुडघ्याला पण करून बघ.
तो पराती बांधतो, बावीस मजल्यांवर.

मग मीच सुटलो.
बरणीत साली, वर सिरका, पंधरा दिवस खिडकीत:
मोरी धुवायला.
तांदळाच्या डब्यात वाळकी साल: पोरकिडा पळाला.
सुरक्षा बुटांत रात्रभर दोन वाट्या,
आणि सकाळी कुणी काढायला विसरलं
तर चालताना चिक्‌चिक्, आणि शिव्या मला.

वाळवण गच्चीवर.
गावी वाळवण राखायला पोर बसवायचे काठी देऊन.
इथे जुलैच्या दुपारी कावळासुद्धा फिरकत नाही.
सकाळी पसरलं की संध्याकाळी मोडतं, कट्कन,
पापडासारखं.
या देशात फुकट मिळतं ते एवढंच, ऊन,
आणि ते मापात कधी मारत नाही.

खालच्या मजल्यावर उम्म याकूब.
मासे तळले की निखाऱ्यावर संत्र्याची साल टाकते,
धूर घरभर फिरवते, जिन्यात सोडते.
मी तिला पिशवीभर देतो. ती मला
काळी वाळकी लिंबं, लूमी, मूठभर.
आमटीत एक टाकलं तर तुळाजी म्हणाला,
कोकम गावाला विसरला वाटतं कुणी.
दुसऱ्या दिवशी त्यानंच विचारलं, ते काळं आहे का अजून.

लोणचंही घातलं, लिंबाच्या सालीचं.
मीठ, तिखट, गूळ, गच्चीवर चाळीस दिवस.
कडू झालं.
बरणी तरी संपली. कशी, कुणी सांगत नाही.

नरकचतुर्दशीला पहाटे साडेतीनला मोरीपुढे रांग.
संत्र्याची पूड, डाळीचं पीठ, एक चमचा हळद.
चारला कंपनीची बस.
सात माणसं पिवळी, घाईत, उघडीनागडी हसत,
शेवटी लतीफ परकार, दाभोळचा.
म्हणाला, उरलं असेल तर मला पण. थंडीत अंग फुटतं.
उरलं होतं.

लतीफ मासळी बाजारात हामूर साफ करतो.
शुक्रवारी दुपारी घरी फोन, चेहऱ्यासकट,
पोरगी तीन वर्षांची.
आधी मोरीत बसून लिंबाच्या सालीवर मीठ घेतो,
बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा, मनगटं.
मी एकदा म्हटलं,
फोनातून वास जात नाही रे.
ठाऊक आहे, म्हणाला,
आणि दुसरा हात घासायला घेतला.

काल मालकानं हटकलं:
रोज पोतं नेऊन करतोस काय?
गुरांना घालतो.
मुहर्रकात कुठली गुरं?
सात आहेत, दुसऱ्या मजल्यावर.
तो हसला नाही. बोटावर मोजत म्हणाला,
मग पोत्यामागे शंभर फिल्स पगारातून.

म्हटलं, काप.
पण पोतं मी पायानं दाबून भरणार.