वास्तू क्रमांक अकरा

बस फाट्यावर सोडून पारिश्वाडकडं वळते.
तिथून कोळंदूर दीड मैल, लाल माती, दोन्ही अंगांनी काजू.
पिशवीत खात्याचे अठरा छापील फॉर्म,
टेप, विजेरी, डब्यात कालच्या भाकऱ्या.
हंगामी माणूस मी.
दर वास्तूमागे दोनशे चाळीस रुपये, फोटो असेल तर.

बस्तीला कुलूप.
सरकारी पाटीवर कन्नडमध्ये ‘बसदी’,
खाली कुणीतरी कोळशानं ‘बस्ती’ लिहिलेलं
आणि दोन्हींवर शेणाचा एकच गोळा,
निःपक्षपाती.

किल्ली उपाध्यांकडं, म्हणाला पंक्चरवाला बंदेनवाज
ट्यूब पाण्यात बुडवता बुडवता.
उपाध्यांच्या दारात सून, हात पिठाचे.
‘ऊटा आत्रि?’
मी मान हलवली, जेवलो म्हणून. खोटंच.
तिनं तरी तांब्याभर ताक दिलं,
मी संपवेपर्यंत उभी राहिली.
‘मामंजी लग्नाला अथणीला गेलेत.
कीली देसायांच्यात असती, खिळ्याला, बगा.’

देसायांच्यात आता दूध सोसायटी आहे.
फणसाच्या खांबांना पोपटी ऑइलपेंट,
गणेशपट्टीवरच्या हत्तींनाही,
सोंडेतून खाली ओघळून वाळलेला.
मी दार मोजलं: सात फूट दोन इंच.
उंबरठा मोजताना एका म्हातारीची किटली ओलांडावी लागली.
‘सध्याचा उपयोग’ या रकान्यात लिहिलं, दूध.
खोडून लिहिलं, दुग्धसंकलन.
वास्तू क्रमांक दहा झाली.

खिळा होता.
त्याला लॅक्टोमीटर, सहकार खात्याचं कॅलेंडर,
आणि भिंतीवर किल्लीच्या आकाराची
एक फिकट जागा, पेंट न लागलेली.
सेक्रेटरी रायगोंडानं फॅटचा आकडा लिहून घेतला, मग मान वर केली.
‘ती? इनास सुताराकडं. दार फुगलंय म्हणून नेली की. मागल्या शिमग्याला.’

इनास कपेलापाशी बाकाचा पाय बसवत होता.
तोंडात चार खिळे, म्हणून उत्तर हळूहळू आलं, एकेक खिळा काढत.
‘चावी? म्हज्याकडेन ना.
हांवें ती उपाध्याक परत दिली.’

किल्ली, कीली, चावी.
दुपारचे तीन.
एकाच गावात मी एकच वस्तू तीनदा मागितली
आणि तिन्ही वेळा ती शेजारच्या घरी होती.

परत बस्तीपाशी येऊन बसलो, वीरगळाच्या सावलीत.
दगडावर एक माणूस गाई सोडवायला गेलेला,
वर चंद्र, सूर्य, मधल्या कप्प्यात त्याला नेणाऱ्या दोघी,
गाईंची तोंडं झिजून सपाट.
फॉर्म काढला. ‘प्रवेश’ या रकान्यात लिहिलं: बंद.
भाकरी खाल्ली.

तेवढ्यात आतून भांड्याचा आवाज आला.

मागं गेलो. मागं बोरीचं झुडूप,
झुडपामागं बुटकं दार, वाकून जावं असं,
कडी नाही, कोयंडा नाही,
आणि कधी असल्याची खूणही नाही.
आत तीच सून, पितळी तबक घासत,
समोर काळ्या दगडाचा पद्मासनातला देव, गुडघ्यापाशी झिजलेला,
मांडीवर सकाळची अबोली अजून ओली.

‘अहो, हे दार उघडं होतं?’
‘हे? हे असतंच की उघडं.’
‘मग सांगितलं का नाहीत?’
तिनं चिंच बाजूला ठेवली, पदरानं कपाळ पुसलं.
‘तुमी कीली विचारलासा.
दार कुठं विचारलासा?’

विजेरी लावली. खांबावर ओळी, अर्ध्याअधिक चुन्याखाली.
तिनं ओल्या बोटानं एका अक्षराभोवती फिरवलं,
‘एवढं येतं मला. न. पोराच्या पुस्तकात आसंच हाय.’
बाकीचं तिला येत नव्हतं, मलाही नाही.
टेप तिनं धरली त्या टोकाला,
गाभारा आठ फूट बाय सात.

खाली बसलो लिहायला.
‘बंद’ खोडलं.
त्या जागी काय लिहावं ते ठरेना,
शेवटची बस साडेपाचची,
आणि ती म्हणाली, जाताना वाका,
सगळ्यांचं डोकं लागतं तिथं.